श्री. खोडून कै.

वडिलांच्या नावाच्या शिष्यवृत्तीचं प्रशस्तिपत्र मी ओळीनं एकवीस वर्षं लिहिलं. खालापूरच्या प्राथमिक शाळेत नोकरी लागली तरी दर जूनमध्ये कर्जतहून कोरा जाड कागद यायचा, आणि मी तो लिहून परत पाठवायची. एकवीस वर्षांत एकच चूक झाली, तीही पहिल्या वर्षी, आणि नेमकी वडिलांच्या नावात. ते असते तर त्यांनी लाल पेन्सिलीनं गोल करून कागद माझ्यापुढे सरकवला असता आणि चष्मा पुसत बसले असते.

वडील कर्जतच्या इंग्रजी शाळेचे हेडमास्तर होते. घरी मी त्यांना अण्णा म्हणायची. भिसेगावात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या, तिथून आम्ही दोघं बरोबरच शाळेला निघायचो. फाटकापर्यंत ते अण्णा, फाटकाच्या आत सर. एकदा वर्गात माझ्या तोंडून ‘अण्णा’ गेलं, तर त्यांनी वळून दाराकडे पाहिलं आणि विचारलं, “कोण आलंय?” अख्खा वर्ग हसला. मला असा राग आला की संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरी आले नाही, मागून वीस पावलं अंतर ठेवून आले. त्यांना ते कळलंसुद्धा नसावं.

त्यांचा सगळा जीव अक्षरावर. टाक आणि फाउंटन पेनचे दिवस आले तरी ते पोरांना बोरूनं कित्ता गिरवायला लावत. पत्र कसं लिहावं यावर त्यांचा एक तास असे, आणि त्यात एक वाक्य दरवर्षी यायचंच. माथ्यावर श्री लिहाल तिथं टिंब नको, नावाआधी श्री. लिहाल तिथं टिंब हवं. “टिंब नसलं तर देव, टिंब असलं तर माणूस,” असं म्हणून ते खडू फळ्यावर टेकवत. माझं अक्षर हुबेहूब त्यांच्यासारखं होतं. पाकिटावरचा पत्ता त्यांनी लिहिलाय की मी, हे आईलाही सांगता येत नसे.

आता त्यांचा नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अडलं. मी वर्गात पहिली यायची. बक्षीस समारंभाच्या दिवशी मात्र पहिल्या नंबरचं पुस्तक दुसऱ्याला मिळायचं. घरच्यांना बक्षीस नाही, हा तो नियम. पहिल्या वेळी मी जागची उठले होते, परकर सारखा करून दोन पावलं चाललेही होते, आणि नाव पुकारलं गेलं ते दुसऱ्याचंच. हा दुसरा पोशीरच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. नेरळपर्यंत पायी येऊन तिथून गाडीनं कर्जतला यायचा. घरी आल्यावर मी जेवायला बसेना, तेव्हा अण्णा म्हणाले, “पहिला नंबर तुझ्याकडे आहे ना? तो कुणी नेला का? पुस्तक त्याला लागणार आहे. तुला काय, माझं कपाट आहे.”

गंमत म्हणजे तो मुलगा ते पुस्तक वाचून झालं की अण्णांच्या टेबलावर आणून ठेवायचा. काही बोलायचा नाही. अण्णा ते घरी आणून माझ्यासमोर ठेवायचे. तेही काही बोलायचे नाहीत. दरवर्षी असं चाले. मी आणि त्यानं एका वर्गात सात वर्षं काढली, पण एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. तेव्हा मुलामुलींनी बोलायची रीत नव्हती, त्यात मी हेडमास्तरांची मुलगी.

मला गणित आवडायचं. मॅट्रिकच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी भूमितीचं एक प्रमेय पुस्तकातल्यापेक्षा लहान करून सिद्ध केलं आणि पाटी अण्णांना दाखवली. ते जेवत होते. डाव्या हातानं पाटी धरून त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, “बरोबर आहे. याच्या पुढचं मला येत नाही. पुण्याला कॉलेजात गेलीस की तिथं विचार.” आणि ताक मागितलं. पुण्याला गेलीस की. बाजारात गेलीस की मीठ आण, म्हणावं तसं ते म्हणाले. मी त्यावर काही विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मार्गशीर्षात त्यांना विषमज्वर झाला. तेव्हा त्यावर औषध असं नव्हतंच, ताप आपला आपण उतरायची वाट बघायची. तीन आठवडे बघितली. एका सकाळी पुण्याची गाडी घाटाकडे निघाल्याची शिटी झाली, आई त्यांच्या कपाळावरची पट्टी बदलायला वाकली आणि तशीच वाकून राहिली. शाळेला सुट्टी दिली. माणसं येत राहिली. मला काही वाटलं नाही. मी धीराची होते म्हणून नव्हे. खरंच काही वाटलं नाही. अंग बधिर झाल्यावर चिमटा काढला तर कळतो पण दुखत नाही, तसं होतं ते. मी पाणी भरलं, लोकांना बसायला सतरंज्या घातल्या, आणि मधेच एकदा मनात आलं की बीजगणिताची दोन प्रकरणं राहिली आहेत, ती आता कोण शिकवणार.

नातेवाइकांना कळवायची पत्रं माझ्याकडे आली. दुखवट्याच्या पत्रावर माथ्याला श्री लिहीत नाहीत. वाचणाऱ्याला उघडल्याबरोबर कळतं, आणि वाचून तो ते फाडून टाकतो. माझ्या हाताला मात्र सवय. कागद पुढे ओढला की हात आधी वर जाऊन श्री काढायचा. पहिली दोन पत्रं अशी वाया गेली. मग हात शिकला. मी भराभर लिहीत गेले, प्रत्येकात नावाआधी कै. लिहिलं, टिंबासकट, आणि एकही अक्षर हललं नाही. मामा माझ्या खांद्यावरून वाचत होते. ते आईला म्हणाले, “पोरगी खंबीर आहे हो.” आईनं मान हलवली.

मामा दहिवलीला राहायचे, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. भिसेगावच्या खोल्या सोडून आम्ही त्यांच्याकडे गेलो. माणूस भला, पण पोरं चार आणि पगार एक. त्यांनी मला आडपडदा न ठेवता सांगितलं, “मॅट्रिक हो. पुढं पुण्याचं माझ्याच्यानं नाही होणार गं. ट्रेनिंगला नाव घालू, मास्तरीण होशील.” मी बरं म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते.

अण्णांचं स्मारक करायचं म्हणून माघात शाळेत सभा झाली. शाळा समितीचे अध्यक्ष भातगिरणीचे मालक होते आणि चिटणीस वकील. कुणी म्हणालं अर्धपुतळा बसवू, कुणी म्हणालं मोठं घड्याळ. तेव्हा खालापूरहून आलेला एक जुना विद्यार्थी उठला. तो म्हणाला, “सरांनी आम्हाला मॅट्रिकपर्यंत आणून सोडलं. पुढं काय, हे त्यांना छळायचं. दरवर्षी एकाला तरी कॉलेजात पाठवू या, त्यांच्या नावानं.” पुतळा आणि घड्याळ तिथंच राहिलं. लोकांनी हौसेनं दिलं. एकानं तर खालापुराकडून बैलगाडीत तांदळाचं पोतं घालून आणलं आणि शाळेच्या व्हरांड्यात उतरवलं.

वकिलांनी नियम तयार केले आणि सुवाच्य प्रत करायला माझ्याकडे पाठवले. पहिलाच नियम असा होता: ‘या शाळेतून मॅट्रिकच्या परीक्षेत जो विद्यार्थी पहिला येईल त्यास कॉलेजच्या शिक्षणासाठी ही शिष्यवृत्ती देण्यात येईल.’ ते वाक्य उतरवताना गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा माझा बोरू थांबला. पहिली मी येणार होते. यात फुशारकी नाही, सात वर्षं येतच होते. मी ती प्रत मामांना दाखवली. त्यांनी दोनदा वाचली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. “अगं, मग प्रश्नच मिटला. मिळाली की जा पुण्याला.”

त्या वाक्यावर मी परीक्षेचा अभ्यास केला. कंदिलाला रॉकेल मिळायचं नाही, म्हणून पहाटे उजाडलं की ओटीवर बसायचं. परीक्षेत मला अण्णा आठवले नाहीत. पेपर संपल्यावरही आठवले नाहीत. आई कधी कधी माझ्याकडे टक लावून बघायची, मी रडेन म्हणून वाट बघत असल्यासारखी, आणि मला तिच्यासमोर अपराधी वाटायचं.

जूनमध्ये निकाल लागला. शाळेत मी पहिली, पोशीरचा मुलगा दुसरा. चौथ्या दिवशी अध्यक्ष आणि वकील दहिवलीला आले. छत्र्या मिटून ओटीवर बसले. मामा कामावर होते. आई दाराच्या आत, पदर पुढे घेऊन. मी चहा दिला. त्यांनी माझं कौतुक केलं, मग हवेबद्दल बोलले, रेशनच्या साखरेबद्दल बोलले. मग अध्यक्षांनी कप खाली ठेवला.

“वहिनी, पेच पडलाय बघा. शिष्यवृत्ती मास्तरांच्या नावाची. पहिलीच. लोकांनी दिलेली. आणि ती मास्तरांच्याच घरात गेली, तर...”

“नियमाप्रमाणे मुलीचाच हक्क आहे,” वकील म्हणाले. “तसं कुणी नाही म्हणू शकत नाही. फक्त लोक बोलतील. मास्तरांचं नाव आहे, म्हणून वाटतं.”

“आम्ही ठरवत नाही. तुम्ही म्हणाल तसं,” अध्यक्ष म्हणाले.

आईला त्यांनी असं विचारलं म्हणजे काय, हे मला आज कळतं. उत्तर घेऊनच ते आले होते, फक्त ते तिच्या तोंडून हवं होतं. आईनं दाराची चौकट धरली. मग म्हणाली, “ते असते तर त्यांनी काय केलं असतं, तुम्हाला ठाऊकच आहे.”

अध्यक्षांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. मी कप उचलले. मागच्या दारी जाऊन विसळले, पुसले, फळीवर उपडे घातले. मला काही वाटलं नाही. घरच्यांना बक्षीस नाही. नियम जुनाच होता. संध्याकाळी मामा आले, आईनं त्यांना सांगितलं, आणि ते टोपी हातात धरून कितीतरी वेळ अंगणात उभे राहिले.

दोन दिवसांनी शाळेचा शिपाई जाड कागद घेऊन आला. प्रशस्तिपत्र मी लिहावं, सरांसारखं अक्षर दुसऱ्या कुणाचं नाही, असा निरोप होता. आता याला काय म्हणावं! पण तेव्हा मला त्याचंही काही वाटलं नाही. मी अण्णांचा बोरू काढला, टोक तासलं, शाई घोटली. हे काही दुखवट्याचं पत्र नव्हतं, शुभ कागद होता. तेव्हा माथ्यावर श्री हवं. सहा महिन्यांनी हाताला श्री लिहायची परवानगी मिळाली होती. मी ते ठसठशीत काढलं. मग खाली पोशीरच्या मुलाचं नाव, मग मजकूर, मग ‘यांच्या स्मरणार्थ’. वाळू टाकून शाई टिपली आणि शिपायाच्या हाती कागद दिला.

समारंभ कॉलेजं उघडायच्या आधी तीन दिवस झाला. आई यायला तयार नव्हती, पण अध्यक्षांनी मुद्दाम माणूस पाठवला. आम्ही दोघी मागच्या बाकावर, दाराशी बसलो. पोशीरहून त्या मुलाचे वडील आले होते, थेट राबातून, भाताच्या रोपवाफ्यातून, आले असावेत, पोटऱ्यांना चिखल वाळलेला. आईला बघून ते जवळ आले आणि लांबूनच खाली वाकले. “बाय, मास्तर गेलं तरी माज्या पोराचा हात सोडला नाय त्यांनी,” ते म्हणाले. आईनं मान हलवली. मला वाटलं, त्याचा हात त्यांनी सोडला नाही, आणि माझा? पण ते नुसतं वाटून गेलं.

वकील उठले आणि प्रशस्तिपत्र वाचू लागले. वकिलाची सवय, कागदावर असेल तेच वाचायचं. मजकूर वाचला आणि मग खणखणीत आवाजात म्हणाले, “श्रीयुत,” आणि पुढे अण्णांचं पूर्ण नाव. “यांच्या स्मरणार्थ...”

तिथं ते थांबले. कागद डोळ्यांजवळ नेला. मला आधी कळलंच नाही काय झालं. मग कळलं की मी कै. ऐवजी श्री. लिहिलं होतं. वर देवासाठी हात सुटला होता तो खाली माणसासाठीही सुटला. शेजारी आईचा उजवा हात मांडीवरून उठला, कपाळापर्यंत गेला, तिथं कुंकू नाही हे बोटांना कळलं, आणि तो पदर सारखा करून खाली आला. बाकी कुणी पाहिलं नाही. अध्यक्षांनी खाकरून ‘कैलासवासी’ असं मोठ्यानं म्हटलं, टाळ्या झाल्या, आणि पोशीरच्या मुलानं वाकून कागद घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दहिवलीला आला. पायरीखाली उभा राहिला, वर येईना. कागद घोंगडीच्या आत जपून धरला होता. सात वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

“वकीलसाहेब म्हनले, दुरुस्त करून घे. कालेजात दाखवायला लागंल.” मग कागद पुढे करत, “मला तसाच ऱ्हायला तरी चालला असता. पन ते म्हनले.”

“द्या,” मी म्हटलं.

“पुस्तकं मी पाठवीन. पयल्यासारी,” तो म्हणाला. “आता टेबलावर ठेवाया नाय यायचं. पोष्टानं पाठवीन.”

मी मान हलवली. अण्णांच्या दाढीचं जुनं पातं घेतलं आणि ओटीवर उजेडाला बसले. आई जवळच सूप घेऊन तांदूळ निवडत होती. जाड कागदावरची शाई पात्यानं हळूहळू खरवडायची असते, घाई केली की भोक पडतं. हे अण्णांनीच शिकवलं होतं. आधी वेलांटी गेली. मग श्र. खाली कागद पांढरा आणि केसाळ झाला. टिंबाजवळ आल्यावर हात थांबला. टिंब खरवडायची गरज नव्हती. श्री. ला टिंब लागतं आणि कै. लाही लागतं. तेच ठेवून मी त्याच्या आधीच्या मोकळ्या जागेत कै लिहिलं.

आणि लिहिल्यावर मला ते कळलं. सहा महिने मी ते एक अक्षर पन्नास ठिकाणी लिहिलं होतं, पण तोवर ते गेले नव्हते. ते काल सभेपर्यंत असल्यासारखे होते, नियम घालत होते, बक्षीस दुसऱ्याला देत होते, आणि सगळे त्यांचं ऐकत होते. आत्ता, माझ्या हातून, ते गेले. ताटावर बसून डाव्या हातात माझी पाटी धरलेले, ताक मागणारे.

“आई,” मी म्हटलं. “अण्णा असते तर ही शिष्यवृत्तीच नसती. अण्णा असते तर मी पुण्याला गेले असते.”

सूप थांबलं. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तांदळातला एक खडा तिच्या दोन बोटांत होता, तो तिनं टाकला नाही, तसाच धरून ठेवला.

“हो गं,” ती म्हणाली. “गेली असतीस.” आणि बऱ्याच वेळानं, “मला तेव्हा हे सुचलंच नाही.”

पायरीखाली तो उभाच होता. त्यानं ऐकलं असणार, कारण तो खाली आपल्या पायांकडे बघत होता. शाई वाळली आहे का, ते मी बोटानं पाहिलं. वाळली होती. मी उठले आणि कागद त्याच्या हातात दिला.